वल्हं लागलं

आमच्या वाडीत बाईच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं, तर काय झालं म्हणून तिला कोणी विचारत नसे. एखाद्या पाहुणीने विचारलंच, तर शेजारीण परस्पर सांगून टाकायची, "वल्हं लागलं." झालं! पाहुणीही मान हलवायची, कारण वल्ही तिच्याही गावात होतीच. आता गंमत बघा, आमच्या वाडीतल्या बाईचा पाय कधी होडीला लागत नसे. बाई चढली तर मासळी मिळत नाही म्हणून पुरुष आम्हाला होडीला शिवूही देत नसत. आणि तरी वल्हं लागायचं ते नेमकं बायकांनाच. पुरुष जन्मभर वल्ही मारत, पण त्यांना कधी लागलेलं मी पाहिलं नाही. एकदाच पाहिलं, आणि तेच सांगायला बसले आहे.

वाडी डहाणूच्या किनाऱ्यावर. बा होडीवर जायचा. आई आणि मी मागची सगळी कामं करायचो: बोंबील धुवायचे, एकमेकांच्या जबड्यात अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घालायचे. ऊन वरून यायचं तसंच चकाकत्या वाळूवरून उलटं डोळ्यांतही घुसायचं. सुकलेली मासळी टोपलीत भरून आई कैनाडला, सायवनला पायी विकायला जायची. हे पन्नास सालानंतरच्या पाच-दहा वर्षांतलं. घरी चूल, चुलीत ओली लाकडं, धुरात बसलेली आई आणि तिच्या दातांना मशेरी. बाचा हात मोठा होता आणि तो रिकामा बसत नसे.

त्याची एक ठरलेली शिवी होती. "डोळे फुटले काय गं तुझे?" भातात वाळू लागली, डोळे फुटले काय गं तुझे. जाळ्याची गाठ चुकली, डोळे फुटले काय गं तुझे. मी नऊ-दहा वर्षांची असताना एका दुपारी कालवणात काटा लागला म्हणून त्याने हे विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हातातला तांब्या फेकून मारला. भरलेला तांब्या! तो आईच्या डाव्या डोळ्यावर बसला. पाणी उडालं, मग रक्त आलं. आई दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसली आणि बा जेवत राहिला. त्या जेवणाचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून माझ्या अंगाची आग होते.

डोळा सुजून बंद झाला. शेजारच्या काकीने शेक दिला, कांद्याचा रस पिळून घातला, वर मधाचं बोट फिरवलं. जो येईल तो काहीतरी घालून जायचा. बायका आईला म्हणायच्या, "वल्हं जोरात लागलं गो यंदा." सूज उतरली. पण पाच-सहा महिन्यांनी बाहुलीत पांढरं दिसायला लागलं. आधी टिपका होता, मग सगळी बाहुली दुधाळ झाली.

"मोती आलाय," काकी म्हणाली. "पिकू दे. कच्चा काढायचा नसतो."

आमच्याकडे बोर्डीचा चिकू आणि डोळ्यातला मोती यांना एकच न्याय. पिकला की काढायचा. मोती का आला, एकाच डोळ्यात का आला, आई तर तिशीतली, मग म्हातारीचा रोग तिला कसा झाला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि गिळलं? वाडीतली माणसं काही खुळी नव्हती. मला वाटतं, गिळलंच.

मोती पिकायची वाट बघत वर्ष गेलं आणि एक माणूस आला. गावोगाव फिरून मोती पाडायचा त्याचा धंदा. पटका, झोळी, झोळीत चामड्याच्या घडीत सुया. त्याने आईला भिंतीला टेकवून बसवलं. काकीने डोकं धरलं, बाने हात धरले, मला पाय धरायला लावले. त्याने सुई तोंडात धरून ओली केली. हो, तोंडात! आणि डोळ्याच्या कडेने ती आत घातली. आई जी किंचाळली, तसं माणूस किंचाळताना मी पुन्हा ऐकलं नाही. तिच्या पायांनी मला दोनदा भिंतीवर फेकलं आणि मी दोनदा परत येऊन ते धरले. हे पाय मी का धरले, याबद्दल मी स्वतःला बरीच वर्षं शिव्या घातल्या.

"बोटं किती?" त्या माणसाने विचारलं.

"तीन," आई म्हणाली.

सगळी वाडी खूश. पांढरं नाहीसं झालं होतं. त्याने तो मोती काढला नव्हताच, सुईने आतल्या आत ढकलून डोळ्याच्या तळाला पाडला होता. तीन दिवस आईने डाव्या डोळ्याने जग पाहिलं. चौथ्या दिवशी डोळ्यातून पू आला, दहाव्या दिवशी डोळा बसला, आणि तो माणूस तोवर कुठल्या कुठे गेला होता. मुडदा बसवला त्याचा! डाव्या डोळ्याच्या जागी एक सुकलेली बी तेवढी राहिली.

आता आईकडे एकच डोळा होता, उजवा. त्या एका डोळ्यावर तिने आणखी आठ-नऊ वर्षं उन्हात बोंबील घातले, धुरात भाकऱ्या थापल्या, सायवनपर्यंत टोपली नेली आणि अधूनमधून वल्ही खाल्ली. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा तो डोळाही गढूळ व्हायला लागला. दुपारी तिला दिसत नसे, संध्याकाळी जरा बरं वाटे. कोयत्यावर बोटं कापून घ्यायची. कैनाडच्या वाटेवर एकदा बैलगाडीच्या पुढ्यात गेली, गाडीवाल्याने कासरे ओढले म्हणून वाचली. आणि घरी काही सांडलं की बा विचारायचाच, "डोळे फुटले काय गं तुझे?" आणि मारायचा. खरंच फुटत चालले होते आणि त्याला ते दिसत नव्हतं.

मला मात्र एक गोष्ट लख्ख दिसत होती. टोपली डोक्यावर असे तोवर आई दिवसभर बाहेर असे, चार माणसांत असे. हा डोळा गेला की ती घरात बसणार, आणि घरात बसणं म्हणजे बाच्या हाताखाली दिवसभर. आंधळीला हात चुकवता तरी कसा येणार? एवढाच एक डोळा तिच्या आणि त्याच्या मध्ये उभा होता.

त्या हिवाळ्यात बोर्डीला शाळेच्या सुट्टीत डोळ्यांचं शिबिर लागलं. मी आईला ओढत नेलं. ती येईना, म्हणे सुई. "सुई नाही गं, खरा डॉक्टर आहे," मी म्हणाले, आणि मनात म्हणाले, देवा, खराच असू दे. वर्गातली बाकं काढून रांग लावली होती. आमच्याच वाडीतली चार माणसं आमच्या मागे उभी होती. डॉक्टर वयस्कर, गुजरात बाजूचे, मराठी मोडकी. शेजारी कंपाउंडर होता, तो आमच्या भागातला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळा पाहिला. मग डावा पाहिला.

"बेन, तुमची उमर तर चाळीसबी नाही. आ डाव्या डोळ्याला मार लागला होता?"

"वल्हं लागलं," आई म्हणाली. विचार न करता म्हणाली, नमस्कार म्हणावा तशी.

"वल्हं एटले?" डॉक्टरांनी कंपाउंडरला विचारलं.

"हलेसुं, साहेब. होडीचं."

डॉक्टर गंभीर झाले. फार सज्जन माणूस. खुर्ची पुढे ओढून त्यांनी आईला नीट समजावलं. म्हातारपणी मोती यायचाच, म्हणाले, तो कोणाला चुकत नाही, पण लवकर न येऊ देणं थोडंफार आपल्या हातात असतं. उन्हात काम करता तर डोक्यावर रुंद टोपी घाला, नाहीतर पदर कपाळाच्या पुढे आणा, वाळूवरचं ऊन फार वाईट. चुलीचा धूर बाहेर जायला वाट करा. तंबाखू सोडा, मशेरीसुद्धा, आणि घरात विड्या ओढणारा असेल त्यालाही सोडायला सांगा. लघवीला मुंग्या लागतात का, ते बघा, साखरेच्या रोगानेही मोती लवकर येतो. डोळ्यात कांदा, मध, कोणाची सुई काहीही घालू देऊ नका. आणि सगळ्यात लवकर मोती येतो तो मार लागून, तेव्हा होडीत वल्ह्यापासून लांब बसत जा.

वल्ह्यापासून लांब बसत जा! मला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी फुटलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, आईने दंडाला चिमटा काढला, आणि त्या चिमट्याने माझं डोकं सणकलं. दहा वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं.

"डॉक्टर, आमच्याकडे बायका होडीत बसत नाहीत. हे वल्हं दोन पायांचं आहे. भात खातं, ताडी पितं आणि घरी येऊन मारतं."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. कंपाउंडर फळ्याकडे बघायला लागला, त्याला ते वल्हं आधीच ठाऊक होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"मग मी टोपी अने धुराच्या गोष्टी काय करत बसलो?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू बोलले. "ऑपरेशन करतो. डोळा चांगला आहे, दिसेल. पण पछी चाळीस दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोरात शिंकायचं पण नाही. एक थप्पड लागली ने, तर टाका तुटेल, डोळा बाहेर येईल. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही. समजलं, दीकरी?"

समजलं होतं.

ऑपरेशननंतर आई आठ दिवस उताणी पडून होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. मी चमच्याने पेज भरवायची. इतके दिवस कोणी तिला हात न लावता ती पहिल्यांदाच पडून राहिली होती, आणि गाढ झोपायची. पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी बोटं धरली. तिने बरोबर सांगितली. मग माझ्याकडे पाहिलं, डोळा बारीक करून.

"अगो, तू एवढी काळी कधी झालीस?"

मी बोंबील वाळवून काळी झाले होते, तिच्या वाटचेही वाळवत होते. मी तिथेच हुंदके देऊन रडले. तिला रडू नको म्हणाले, टाका तुटेल म्हणून.

गवत घातलेल्या बैलगाडीतून, एकही धक्का न लागू देता, तिला घरी आणलं. पण माझं बोलणं आमच्या आधीच वाडीत पोचलं होतं. रांगेतल्या त्या चौघांनी काम चोख केलं होतं. ताडी प्यायला बसलेले पुरुष बाला विचारत होते, "काय रे, आलं का दोन पायांचं वल्हं?" दोन दिवस त्याने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आला.

आई भिंतीला टेकून बसली होती. ऑपरेशनच्या डोळ्यावर पट्टी, वर हिरवं फडकं. म्हणजे त्या घडीला ती पूर्ण आंधळीच होती. मी चुलीपाशी होते.

"दोन पायांचं वल्हं कोण म्हणालं?" बाने दारातूनच विचारलं.

मी उठले, पण आई माझ्या आधी बोलली. "मी म्हणाले."

कशाला? का ती नेहमी मध्ये पडायची? बा दोन ढांगांत तिच्यासमोर आला. "डोळा आला म्हणून जीभ पण आली काय?" म्हणाला आणि हात वर केला. तो हात मी किती वेळा वर गेलेला पाहिला होता. तो कुठे पडतो हे मला पाठ होतं. आणि आई तोंड वर करून बसली होती, तिला दिसतच नव्हतं, ती साधी मानही वळवत नव्हती.

वल्ही आमच्याकडे दारामागे उभी करून ठेवत, चोरीला जाऊ नयेत म्हणून. मी कधी हातात घेतलं नव्हतं, जड असतं ते. त्या दिवशी लागलं नाही जड. दोन्ही हातांनी उचललं आणि पात्याकडून फिरवलं. ते त्याच्या तोंडावर बसलं, डाव्या भुवईपासून गालापर्यंत. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. तो मडक्यांवर पडला, मडकी फुटली, आणि तोंड धरलेल्या बोटांच्या फटींतून रक्त सांडलेल्या भातावर गळायला लागलं. तो उठायला गेला तेव्हा मी परत उचललं.

"उठ," मी म्हणाले, "उठ बघू. डोळे फुटले काय रे तुझे?"

बाला असं मी बोलले. तो उठला नाही.

"कोणाला लागलं?" आई हवेत हात फिरवत विचारत होती. "अगो, कोणाला लागलं?"

"बाला. वल्हं लागलं."

ती पाणी आणायला उठायला लागली तशी मी खेकसले, "खाली बस! वाकू नकोस!" मग हळद आणून मीच त्याच्या जखमेत भरली. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

बाने वाडीत सांगितलं की होडीत वल्हं लागलं. दुसरं काय सांगणार? पोरीने मारलं म्हणून? त्यानंतर त्याने आईवर हात टाकला नाही. माझ्यावर दोनदा टाकला, पण मी डोळे सांभाळले. आईचे चाळीस दिवस पार पडले. तिला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळाला. ताडाच्या पानांची रुंद टोपी करून ती घालायला लागली, तेव्हा वाडी पोट धरून हसली. चूल तिने पडवीत हलवली. मशेरी चार दिवस सोडली आणि पाचव्या दिवशी परत लावली. टोपली मात्र पुन्हा डोक्यावर आली, कैनाड झालं, सायवन झालं. माझं लग्न झालं ते त्याच वाडीत, त्यामुळे हे सगळं मी रोज बघत होते.

आणि आणखी एक गोष्ट बघत होते. दोन-तीन वर्षांनी विहिरीवर तोंड धुताना बाने मान वर केली, आणि उन्हात त्याच्या डाव्या बाहुलीत राखाडी टिपका दिसला. मी पहिल्याच दिवशी ओळखला. माझ्याइतकं ते कोण ओळखणार? कळशी तशीच टाकून घरी आले आणि कोणाला काही बोलले नाही. महिन्यांमागून महिने तो टिपका वाढत गेला आणि मी तोंड शिवून बसले. आईच एक दिवस चष्म्यातून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या बाच्या डोळ्यात मोती आलाय. बोर्डीला न्यायला हवं. पिकायची वाट बघायची नाही."

शिबिर तेच, शाळा तीच, डॉक्टर तेच, जरा वाकलेले. त्यांनी बाच्या डोळ्यावर बॅटरी मारली, पापणी उलटून पाहिली, भुवईवरच्या वणावरून अंगठा फिरवला.

"मार लागला होता?"

"वल्हं लागलं," बा म्हणाला.

डॉक्टरांचा हात थांबला. आता त्यांना कंपाउंडरची गरज नव्हती. इतक्या वर्षांत आमच्या किनाऱ्याने तो शब्द त्यांना पुरता शिकवला होता. त्यांनी बाकडे पाहिलं, चष्म्यातल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाच्या हातातलं?"

मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण आईने माझ्या पायावर पाय दिला, चांगला दाबून दिला, आणि तिच्या त्या सपाट, सवयीच्या आवाजात म्हणाली, "होडीतलं, डॉक्टर. भरतीला फिरलं."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. डोळा आतून फाटलाय, म्हणाले, मोती काढला तर उजेड दिसेल, माणसं दिसणार नाहीत. उरलेला डोळा जपा, उन्हात टोपी घाला, विडी सोडा. बा मान हलवत राहिला. त्याने एका डोळ्याने आईकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे पाहिलंच नाही.

परतीच्या बसमध्ये मी आईवर भडकले. "खोटं कशाला बोललीस?"

"इतकी वर्षं त्याच्यासाठी बोलले," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "एकदा तुझ्यासाठी बोलले. काय बिघडलं?"

काय बिघडलं हे तिला सांगता येईना मला. ज्या शब्दाखाली तिने बाला झाकलं, त्याच शब्दाखाली आता मला झाकलं होतं, त्याच्या शेजारी, अंगाला अंग लावून. आईचा डोळा मी वाचवला आणि बाचा मी फोडला. पुन्हा तसंच समोर आलं तर पुन्हा तेच वल्हं उचलीन, हेही खरं. पण आईने मला बाच्या रांगेत बसवलं, तेही चुकीचं नव्हतं, आणि त्याचंच मला रडू येत होतं.

दोघंही गेले. आई शेवटपर्यंत त्या एका डोळ्याने सुईत दोरा ओवायची. मी जन्मभर टोपी घातली, घरात धूर कोंडू दिला नाही, मशेरीला शिवले नाही. मोती माझ्याही डोळ्यात आलाच, पण सत्तरी उलटल्यावर आला. तपासताना डॉक्टरीणबाईने, माझ्या नातीच्या वयाच्या मुलीने, विचारलं, "आजी, डोळ्याला कधी मार लागला होता का?"

"मला नाही," मी म्हणाले. "माझ्या हातून लागला होता."